ट्रकशेजारून दुचाकी चालवताना

ट्रकने उजवा इंडिकेटर लावला म्हणजे पुढे जा, की थांबा? समोरच्याने डिपर मारला म्हणजे त्याने वाट दिली, की मागितली? डावीकडून मोकळी जागा दिसत असेल तर तिथून काढायची की नाही? नेपानगर, बऱ्हाणपूर, शाहपूर, रावेर या पट्ट्यात दुचाकी चालवणारे हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, आणि दहा जणांकडून दहा उत्तरे मिळतात. त्यांतली काही उत्तरे जीव घेणारी असतात, म्हणून हा लेख.

आपल्याकडे ट्रक टाळून प्रवास होत नाही. नेपानगर गावच कागदाच्या गिरणीमुळे वसले. 1956 मध्ये पंडित नेहरूंनी ती राष्ट्राला अर्पण केली, आणि आजही रद्दी कागद आणणारी अवजड वाहने तिथे येतात. असीरगडाकडून किंवा बऱ्हाणपूरकडून तुम्ही इंदूर-इच्छापूर महामार्गाला लागलात की केळीचे ट्रक, कापसाच्या गाड्या, उसाच्या ट्रॉल्या, उत्तरेतून दक्षिणेत जाणारे ट्रेलर असे सगळे एका रांगेत भेटतात. असीरगडाला दख्खनचा दरवाजा म्हणत ते याच वाटेमुळे. चौपदरीकरणाचे काम टप्प्याटप्प्याने होत असल्याने रुंद रस्ता आणि जुना दुपदरी पट्टा एकामागे एक लागतात. रुंद भागावर अंगात भिनलेला वेग अरुंद भागात तसाच राहतो, आणि घोटाळा होतो तो तिथेच.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे दगावली. त्यांतली सुमारे 44.5 टक्के दुचाकीवरची होती. भरलेल्या दहाचाकी ट्रकचे एकूण वजन कायद्याने 28.5 टनांपर्यंत असू शकते. दोन माणसांसह तुमची दुचाकी फार तर तीनशे किलोची. चूक कोणाची होती हा प्रश्न नंतर येतो. आधी धक्का बसतो, आणि तो एकाच बाजूला बसतो.

ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही, असेच धरा

कधी संधी मिळाली तर उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये, चालकाच्या जागेवर बसून बघा. ओळखीतल्या ट्रकवाल्याला विनंती केली तर तो नाही म्हणणार नाही. बंपरला लागून उभा असलेला माणूस वरून दिसत नाही. डाव्या दारालगतची दुचाकी दिसत नाही, कारण चालक बसतो उजवीकडे आणि डावे दार त्याच्यापासून दूर, खिडकीच्या खालचा भाग पत्र्याचा. डाव्या आरशावर बहुतेक वेळा काळा गोंडा लोंबत असतो, नाहीतर ताडपत्रीचा दोर आडवा आलेला असतो. मागच्या फाळक्यामागे काय आहे ते तर कुठल्याच आरशात येत नाही.

म्हणून ट्रकभोवतीच्या या चार जागा ओळखून ठेवा:

- डावी बाजू, केबिनच्या दारापासून मागच्या चाकांपर्यंत. सर्वांत धोक्याची जागा हीच.
- फाळक्यामागचे दहा-पंधरा मीटर.
- बंपरच्या अगदी पुढे, म्हणजे फाटकावर किंवा कोंडीत गर्दीतून पुढे घुसून जिथे आपण उभे राहतो ती जागा.
- उजवीकडे केबिनच्या जरा मागे. पट्टा लहान आहे, पण ओव्हरटेक करताना तुम्ही तिथूनच जाता.

खूण सोपी आहे. ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा तुम्हाला दिसत असेल, तर तोही तुम्हाला पाहू शकतो. चेहरा दिसत नसेल तर त्याच्या लेखी तिथे कोणीच नाही. हॉर्न वाजवला म्हणजे त्याला कळले, हा समज सोडा. इंजिनाचा आवाज, केबिनमधली गाणी आणि बंद काचा यांतून दुचाकीचा हॉर्न पोहोचेलच असे नाही.

मागे चालताना ट्रकच्या मधोमध राहू नका. ट्रक खड्डा दोन्ही चाकांच्या मधून काढतो, आणि तो खड्डा तुमच्यासमोर अचानक उघडतो. ट्रकच्या उजव्या चाकांच्या रेषेत, पण भरपूर मागे राहा. तिथे तुम्ही त्याच्या उजव्या आरशात येता आणि पुढचा रस्ताही तुम्हाला थोडा दिसतो. भरपूर म्हणजे किती? रस्त्याकडेच्या एखाद्या खांबाजवळून ट्रकचा फाळका गेला की मोजायला लागा. तुम्ही त्या खांबाशी पोहोचेपर्यंत चार सेकंद झाले पाहिजेत. पावसात सहा.

इंडिकेटर, हात आणि डिपर: कशावर विसंबायचे?

सर्वांत जास्त गोंधळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्या महामार्गांवर ट्रकचालकांनी एक स्वतःची भाषा तयार केली आहे. मागच्याला 'निघ' म्हणायचे असेल तर कोणी डावा इंडिकेटर लावतो, कोणी उजवा. 'थांब, समोरून गाडी आहे' हे सांगायलाही काही जण उजवाच लावतात. आणि काही वेळा उजव्या इंडिकेटरचा अर्थ अगदी पुस्तकातला असतो: तो खरोखरच उजवीकडे, ढाब्याकडे किंवा पंपाकडे वळणार असतो. नेमक्या त्या क्षणी तुम्ही उजवीकडून त्याच्या शेजारी असता. कायद्याला यातला शेवटचा अर्थ तेवढा ठाऊक आहे.

तेव्हा नियम असा ठेवा: उजवा इंडिकेटर दिसला की ओव्हरटेक करायचा नाही. तो वळणार असो, समोरून गाडी येत असो, की तो तुम्हाला जा म्हणत असो, तिन्ही वेळी मागे थांबण्यात तुमचे नुकसान फक्त अर्ध्या मिनिटाचे.

क्लीनर हात हलवून 'या, या' म्हणतो तेव्हा? त्याचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण समोरची गाडी किती वेगात येते आहे याचा अंदाज तो त्याच्या जागेवरून घेतो, आणि तुमच्या गाडीत किती दम आहे हे त्याला माहीत नसते. हाताचा अर्थ 'आता तू स्वतः बघ' एवढाच घ्या. रस्ता तुमच्या डोळ्यांना मोकळा दिसला तरच निघा.

डिपरचा अर्थ मात्र आपल्याकडे जवळजवळ ठरलेला आहे. समोरून येणारा दिवे उघडमीट करतो तेव्हा तो म्हणतो, 'मी येतोय, बाजूला हो.' तो तुम्हाला वाट देत नाही. शहरातल्या चौकात कधी उलट अर्थ लागतो, म्हणून नव्याने चालवणाऱ्या मुलामुलींना हा फरक आवर्जून सांगा.

ओव्हरटेकचे गणित

हे गणित एकदा नीट समजून घ्या, मग घाई आपोआप कमी होते.

ट्रक ताशी 50 किलोमीटरने चालला आहे, तुम्ही 70 ने. ट्रक 12 मीटर लांब. तुम्ही त्याच्या 15 मीटर मागून निघून 15 मीटर पुढे जाऊन परत आपल्या बाजूला आलात, तर सुमारे 8 सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही 155 मीटर जाता. समोरून 60 ने येणारी गाडी 133 मीटर येते. म्हणजे निघताना समोरचा रस्ता किमान 300 मीटर स्वच्छ दिसायला हवा, तोही काठावरचा हिशेब.

आता हेच 100 सीसीच्या गाडीवर, मागे माणूस आणि सामान घेऊन करा. गाडी 60 च्या वर जात नाही. फरक फक्त 10 किलोमीटरचा उरतो, ओव्हरटेकला 16 सेकंद लागतात, आणि रस्ता लागतो अर्ध्या किलोमीटरहून जास्त. जुन्या दुपदरी पट्ट्यावर एवढा सरळ, मोकळा तुकडा क्वचितच मिळतो. तिथे 50 ने चाललेल्या ट्रकच्या मागे राहणे हाच शहाणपणाचा निर्णय आहे. नेपानगरहून बऱ्हाणपूरला त्यामुळे फार तर पाच-दहा मिनिटे उशीर होईल.

ओव्हरटेक करायचाच असेल तर:

- उजवीकडूनच करा. साइडपट्टीवरून, डावीकडून कधीही नाही. ट्रक खड्डा चुकवायला किंवा समोरच्याला जागा द्यायला डावीकडे दबतो, आणि तुमच्याकडे खडीशिवाय काही उरत नाही.
- आधी मागे राहून गिअर कमी करा, वेग घ्या, मगच बाहेर निघा. ट्रकच्या शेजारी आल्यावर गिअर बदलत बसू नका.
- ट्रकच्या बरोबरीने चालत राहू नका. एक तर पुढे निघा, नाहीतर मागे व्हा.
- पुढे गेल्यावर ट्रकच्या दोन्ही हेडलाइट तुमच्या आरशात पूर्ण दिसल्याशिवाय डावीकडे येऊ नका, आणि आल्या आल्या ब्रेक दाबू नका.
- पुढे गेलेल्या मोटारीच्या मागोमाग घुसू नका. तिला मिळालेली जागा तिच्यापुरती होती.

ट्रकशेजारून पुढे जाताना वारा आधी आत ओढतो आणि केबिन ओलांडताना बाहेर ढकलतो. समोरून मोठा कंटेनर गेला तरी असाच झटका बसतो. तापीच्या पुलावर आडव्या वाऱ्यात तो जास्त जाणवतो. गुडघ्यांनी टाकी धरा, कोपरे सैल ठेवा, हँडल आवळून धरू नका. हात ताठ असले की झटका सरळ पुढच्या चाकात उतरतो.

वळणारा ट्रक

फाट्यावर लांब ट्रक डावीकडे वळायचा असेल तर तो आधी उजवीकडे सरकतो. त्याच्या डावीकडे एकदम मोठी मोकळी जागा तयार होते. ती जागा म्हणजे सापळा आहे. ट्रकची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, ती आतून कापत येतात. जागा बघता बघता बंद होते आणि दुचाकी मागच्या चाकांशी सापडते. फाट्यावर, पंपाशी, ढाब्याशी किंवा गिरणीच्या गेटाशी ट्रक हळू झाला तर त्याच्या मागेच थांबा. तो कुठे जातो ते आधी दिसू द्या.

रेल्वे फाटकावर किंवा काम चालू असलेल्या ठिकाणी रांग लागली तर दोन ट्रकांच्या मध्ये उभे राहू नका. मागच्याचा ब्रेक लागला नाही तर तुम्हाला पळायला जागा नसते. डाव्या कडेला, जिथून गाडी बाहेर काढता येईल असे थांबा.

घाटात

असीरगडच्या चढावर भरलेला ट्रक अगदी रांगत जातो आणि मागच्याचा धीर सुटतो. वळणावर ओव्हरटेक नको, हे सगळ्यांना माहीत आहे. कमी माहीत असलेली गोष्ट ही, की चढावर थांबलेला ट्रक परत निघताना थोडा मागे येऊ शकतो. चढावर त्याच्या मागे किमान 15 मीटर सोडून थांबा.

उतारावर उलटे. भरलेल्या ट्रकचे ब्रेक सतत दाबून तापतात आणि त्यांची पकड कमी होते. रबर जळल्यासारखा उग्र वास आला किंवा चाकांतून धूर दिसला तर त्या ट्रकच्या पुढे राहू नका. जागा बघून कडेला थांबा आणि त्याला जाऊ द्या.

अंधार पडल्यावर

माझ्या मते या रस्त्यावर चालत्या ट्रकपेक्षा उभा ट्रक जास्त घातक आहे. टायर फुटला की ट्रक तिथेच थांबतो, मागे चार दगड आणि झाडाची फांदी ठेवली जाते. दुरुस्ती झाली की ट्रक निघून जातो, दगड तिथेच राहतात. केळीच्या बागेशी माल भरायला उभी गाडी, दिवे नसलेली उसाची ट्रॉली, बाहेर लोंबणाऱ्या सळया हे सगळे रात्री अगदी जवळ आल्यावर दिसते. असा धोकादायक रीतीने उभा केलेला ट्रक किंवा बाहेर आलेली सळई कायद्याला मान्य नाही, पण अंधारात तुम्हाला वाचवायला कायदा पुढे येत नाही.

ताशी 60 ने चाललेली दुचाकी, धोका दिसल्यापासून थांबेपर्यंत 45 ते 50 मीटर खाते. जुन्या गाडीचा खालचा दिवा धड 30-40 मीटर दाखवतो. म्हणजे दिसल्यावर थांबणे शक्यच नसते. 40 च्या वेगाला हेच अंतर 30 मीटरच्या आत येते. दिवे नसलेल्या पट्ट्यावर रात्री 40 हाच वेग ठेवा. हेल्मेटची काच काळी नसावी. मागच्या दिव्याचा बल्ब निघण्यापूर्वी तपासा, आणि मडगार्डवर व हेल्मेटच्या मागे चमकणारी पट्टी चिकटवा. काही रुपयांचे काम आहे.

मागे बसणाऱ्यांचे काय?

2022 च्याच अहवालात हेल्मेट नसताना दगावलेल्यांची संख्या 50,029 आहे, आणि त्यांतले 14,337 मागे बसलेले होते. इच्छादेवीच्या दर्शनाला किंवा मुक्ताईनगरला जाताना पुढे हेल्मेट, मागे पदर, असे दृश्य नेहमीचे. आयएसआय खुणेचे हेल्मेट दोघांनाही हवे आणि पट्टा लावलेला हवा. चार वर्षांवरील प्रत्येकाला ते कायद्याने सक्तीचे आहे. चार वर्षांखालील मुलाला हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा आणि 40 ची वेगमर्यादा, हा नियम 2023 च्या फेब्रुवारीपासून लागू आहे. तिघे-चौघे असाल तर महामार्गावर दुचाकी काढू नका, बस किंवा रेल्वे घ्या. आपल्याकडे स्टेशन आहे.

साडीचा पदर आणि ओढणी खोचून घ्या. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसता येत असेल तर तसेच बसा, म्हणजे वाऱ्याच्या झटक्यात तोल राहतो.

अपघात झालाच तर: तुमचे हक्क

आधी हे करा:

- 112 किंवा 108 ला फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर 1033 हाही क्रमांक चालतो.
- जखमीचे हेल्मेट ओढून काढू नका. मानेला आधार द्या. श्वास अडत असेल तरच, दोघांनी मिळून जपून काढा.
- ट्रकचा क्रमांक, दारावर लिहिलेले मालकाचे नाव आणि गाव यांचा फोटो घ्या. क्रमांकावरून विम्याची माहिती एमपरिवहन ॲपवर काढता येते.
- जागेवर पाच-दहा हजार घेऊन 'तक्रार नाही' असे लिहून देऊ नका. डोक्याची आणि पोटाची दुखापत पुष्कळदा दुसऱ्या दिवशी कळते.

उपचाराचा खर्च. मे 2025 पासून केंद्राची योजना लागू आहे. रस्ता अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयात अपघातापासून 7 दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न भरता मिळतात. पोलिसांकडे नोंद होणे त्यासाठी गरजेचे आहे, म्हणून 112 ला फोन टाळू नका.

मदत करणाऱ्याला भीती नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ प्रमाणे जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात पोहोचवणाऱ्यांसाठी 'राहवीर' योजनेत 25,000 रुपयांचे बक्षीसही आहे.

ट्रक पळून गेला आणि सापडला नाही तर कलम 161 खाली मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50,000 रुपये मिळतात. अर्ज अपघात झाला त्या भागाच्या उपविभागीय किंवा तहसील कार्यालयात करायचा. ही रक्कम ठाऊक नसल्यामुळे कित्येक घरे तिच्यावर पाणी सोडतात. शेजारी असे कोणी असेल तर त्यांना सांगा.

ट्रक सापडला तर भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, कलम 166 खाली. ट्रक महाराष्ट्राचा, राजस्थानचा किंवा तमिळनाडूचा असला तरी तुम्हाला तिकडे जावे लागत नाही. अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथे, म्हणजे आपल्या जिल्ह्यात दावा लावता येतो. पोलिसांनी 48 तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला कळवायचा असतो. त्याची प्रत मागा. एफआयआर, वैद्यकीय कागद, औषधांची बिले आणि उत्पन्नाचा पुरावा एका फाइलमध्ये ठेवा.

स्वतःचा विमा आजच उघडून बघा. फक्त थर्ड पार्टी पॉलिसीत तुमच्या मागे बसलेल्या माणसाची भरपाई बहुधा नसते. चूक तुमची ठरली तर विमा कंपनीकडून त्याला काही मिळेल याची खात्री नाही. मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा घेतला आहे ना, तेही पाहा.

आणि दाव्याची मुदत लक्षात ठेवा. कायद्यात ती सहा महिन्यांची आहे, आणि ती अपघाताच्या तारखेपासून मोजली जाते, जखमी दवाखान्यातून घरी आल्यापासून नव्हे.